आधी प्रश्न, मग प्रश्नावली : सामाजिक संशोधनाची पद्धत निवडताना

एम.ए.चा प्रकल्प असो की पीएच.डी.चा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), आपल्याकडे काम बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी विषयाचं नाव ठरतं : ‘मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ बीड जिल्हा’. मग तीनशे प्रश्नावल्या झेरॉक्स होतात. त्या भरून आल्या की संशोधक टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघत बसतो, कारण यातून नेमकं काय शोधायचं होतं ते कुणीच ठरवलेलं नसतं. आरआरसीसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीसमोर, पहिला प्रश्नही तोच येतो.

इथे एकच विषय धरून सगळ्या वाटा चालून दाखवल्या आहेत : ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. तुमचा विषय बचत गट असेल, पाणीटंचाई असेल नाहीतर ग्रामसभा. टप्पे तेच राहतात.

पहिलं काम : विषय नको, प्रश्न लिहा

‘ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण’ हा विषय झाला. त्याला पद्धत लावता येत नाही. वहीत एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन, प्रश्न लिहा. याच विषयातून निदान चार वेगळे प्रश्न निघतात.

1. धारूर तालुक्यातल्या ऊसतोड कुटुंबांतली 6 ते 14 वयाची किती मुलं हंगामात आई-बापासोबत फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) जातात?
2. कोणतं लेकरू सोबत न्यायचं आणि कोणतं आजीपाशी ठेवायचं, हे घरात कसं ठरतं?
3. हंगामी वसतिगृह (आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना ठेवण्याची सोय) सुरू झाल्यावर मुलांची गळती कमी झाली का?
4. या भागातून ऊसतोडीला जाणं कधी आणि कोणत्या परिस्थितीत सुरू झालं?

पहिला प्रश्न मोजणी मागतो, म्हणून तिथे सर्वेक्षण. दुसरा घरातली घालमेल समजून घ्यायला सांगतो, तिथे सविस्तर मुलाखती आणि निरीक्षण. तिसरा कारण-परिणामाचा दावा करतो, त्याला तुलना लागते. चौथ्यासाठी जुनी कागदपत्रं आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. चौघांना एकच प्रश्नावली लावली तर पहिल्याचं उत्तर अर्धवट मिळतं आणि बाकी तिघांचं मिळतच नाही.

आकडा कुठे थांबतो हे बघायचं असेल तर बीडचंच उदाहरण घ्या. 2001च्या जनगणनेत जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या, 2011ला 807 उरल्या. केवढी घसरण झाली ते जनगणनेनं सांगितलं. सोनोग्राफीपर्यंत कोण कुणाला घेऊन गेलं, निर्णय कुणी घेतला, आधीच्या मुलींची संख्या किती झाल्यावर घेतला, हे जनगणनेच्या कोणत्याच रकान्यात सापडणार नाही.

‘चिकित्सक’ हे विशेषण मात्र शीर्षकातून खुशाल काढून टाका. त्यानं कुणाचा प्रबंध चिकित्सक झालेला नाही.

गावात जाण्याआधी : जे आहे ते वाचा

शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध फुकट वाचायला मिळतात. आपल्या विषयावरचे चार-पाच उघडा आणि थेट पद्धतीचं प्रकरण वाचा : नमुना (माहितीसाठी निवडलेली माणसं) किती, निवडला कसा, यादी कुठून आणली. शेवटचा मुद्दा बहुतेकांनी गाळलेला दिसेल. तुमच्या कामाला जागा तिथेच आहे.

मग तयार आकडे. जनगणना 2011ची, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019-21ची. दोन्हींत जिल्हावार माहिती आहे. शोधताना ‘औरंगाबाद’ आणि ‘उस्मानाबाद’ ही जुनी नावं टाकायला विसरू नका, नाहीतर दोन जिल्हे गायब झाल्यासारखं वाटेल.

जुन्या आकड्यांशी तुलना करणारे इथे हमखास अडकतात. जालना जिल्हा 1981ला झाला, लातूर 1982ला उस्मानाबादमधून निघाला, हिंगोली 1999ला परभणीतून. म्हणजे 1971ची परभणी आणि 2011ची परभणी हा एकच भूभाग नाही. सरळ आकडे शेजारी मांडले तर परभणीची लोकसंख्या हवी तेवढी न वाढता वाटेत कुठेतरी सांडल्यासारखी दिसते. तालुकावार आकडे घेऊन जुन्या हद्दीप्रमाणे बेरीज करावी लागते. काम किचकट आहे, पण टाळता येत नाही.

सरकारी आकडा कुठल्या कारणासाठी जमवला गेला, हेही तपासा. शेतकरी आत्महत्यांच्या महसूल विभागाच्या यादीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन भाग असतात, कारण ती यादी मदत कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी आहे. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या संस्थेचं, थकलेलं होतं का, यावर पात्रता ठरते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून येतात आणि 2014पासून त्यांत शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दाखवतात. हे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून एक खोटा ठरत नाही. दोघांनी वेगवेगळी माणसं मोजलेली असतात. कोणता आकडा घेतला आणि का, हे एका परिच्छेदात लिहिलं की व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बसताना पोटात गोळा येत नाही.

सर्वेक्षणाची वाट

सगळ्यात जास्त लोक या वाटेनं जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

आधी मोजायचं एकक ठरवा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला “गावातून किती कुटुंबं जातात?” असं विचारलं तरी तो कोयत्यांतच सांगणार. एका चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांचे दोन कोयते होतात, आणि त्यांच्या मिळून पाच लेकरांपैकी तीन गावात राहिलेली असतात. आता टक्केवारी काढायची कशाची : घरांची, कोयत्यांची की मुलांची? पहिल्या प्रश्नाला एकक लागतं मूल. म्हणजे तक्त्यात दर मुलामागे एक ओळ हवी. हे छपाईनंतर लक्षात आलं तर सगळे फॉर्म पुन्हा छापावे लागतात.

नंतर यादी. ग्रामपंचायतीतली कामगारांची नोंद मिळवा, पण तिच्यावरच विसंबू नका. आशाताईंना सोबत घेऊन गावठाण, वस्त्या, वाड्या आणि तांडे फिरून घरयादी स्वतः बनवा. तीनशे उंबऱ्यांच्या गावाला दोन दिवस पुरतात. तांडा गावापासून लांब असतो, रस्ता खराब असतो, उन्हात तिथवर कुणी जात नाही. मग बंजारा कुटुंबं नमुन्यातून सुटतात आणि निष्कर्षात ‘गावातील सर्व समाजघटक’ असं छापून येतं. पारावर बसून जे येतील त्यांचे फॉर्म भरणं हा सोयीस्कर नमुना झाला. त्यात बायका जवळपास नसतातच.

आता आकडा. 95 टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक धरली (म्हणजे शंभरातल्या 95 वेळा उत्तर खऱ्या आकड्याच्या पाच टक्के वर-खाली यावं) तर मोठ्या लोकसंख्येसाठी 384 हा नमुना निघतो. कुणीही गाईड हा आकडा झोपेतून उठून सांगेल. त्याच्या अटी मात्र फारसं कुणी सांगत नाही.

एक अट अशी की नमुना यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखा निघालेला हवा. पारावरच्या 384 माणसांना ही पाच टक्क्यांची हमी लागू होत नाही. दुसरं, लोकसंख्या छोटी असेल तर नमुनाही कमी पुरतो. तुमच्या यादीत एकूण 1200 कुटुंबं असतील तर 384 भागिले (1 अधिक 383 भागिले 1200), म्हणजे सुमारे 291. तिसरं, 384 हा संपूर्ण गटाबद्दल बोलण्यापुरता आहे. ‘मराठवाडा’ असं शीर्षक देऊन तो आठ जिल्ह्यांत वाटला तर दर जिल्ह्याला 48 येतात, आणि 48वर चूक वर-खाली 14 टक्क्यांची असते. जालन्यात 40 टक्के आणि हिंगोलीत 50 टक्के निघाले तर तो फरक खरा की योगायोग, हे त्या नमुन्यावरून सांगता येणार नाही. एक तालुका घ्या, नीट करा. आठ जिल्ह्यांचा मोह पहिल्याच कामात नको.

आणखी एक. गावं आधी निवडून मग त्यांतली घरं निवडली तर एका गावातली घरं एकमेकांसारखी निघतात. अशा वेळी नमुना दीड ते दुप्पट धरतात : 384चे 576. तीस गावं आणि दर गावात वीस घरं असं गणित बसतं. दहा गावांत साठ-साठ घरं घेतली तर बेरीज तीच, पण माहितीचा कस कमी. गावातली निवड सोपी आहे. यादीत 180 घरं आणि हवीत 20, तर दर नववं घर. पहिलं घर 1 ते 9मधली चिठ्ठी काढून. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही. दोनदा परत जायचं, तरी कुणी भेटलं नाही तर तशी नोंद करायची.

या विषयात कुलुपाचं कारणही ध्यानात घ्या. कारखान्यांचे बॉयलर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात आणि दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. जानेवारीत गावात सर्वेक्षण केलं तर घरी भेटतात म्हातारी माणसं आणि जी कुटुंबं गेलीच नाहीत ती. नेमकी ज्यांची माहिती हवी तीच गैरहजर. गावातलं सर्वेक्षण मे ते सप्टेंबर, फडावरचं काम डिसेंबर-जानेवारी. सिनॉप्सिसच्या वेळापत्रकात हे महिने लिहा.

प्रश्न विचारायचे कसे

एक छोटा फरक आधी. समोरचा माणूस स्वतः वाचून भरतो ती प्रश्नावली. आपण विचारून आपणच भरतो ती मुलाखत अनुसूची. फडावर तुम्ही अनुसूचीच वापरणार आहात. प्रबंधात ‘प्रश्नावली’ लिहून ठेवलं की परीक्षक विचारतो, उत्तरदात्यांपैकी वाचता येणारे किती?

“मुलं किती?” असं विचारलं की बऱ्याच घरांतून “दोन” असं उत्तर येतं आणि दारात तीन मुली खेळत असतात. ‘मुलं’ म्हणजे मुलगे असा अर्थ घेतला गेला. विचारा : “लेकरं किती? पोरी किती, पोरं किती?”

“वार्षिक उत्पन्न किती?” हा प्रश्न तर काढूनच टाका. वर्षाची बेरीज कुणी डोक्यात ठेवत नाही. जे आठवतं ते विचारा : उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती घेतली, किती फिटली, अंगावर किती राहिली, वाढ्यांचे (चाऱ्यासाठी विकलेल्या उसाच्या शेंड्यांचे) किती आले. शेतकऱ्याला विचारायचं तर सोयाबीनच्या किती बॅगा पेरल्या, कट्टे किती झाले, आडतीवर पट्टी किती झाली. हिशेब तुम्ही घरी करा. वय माहीत नसेल तर “बहात्तरच्या दुष्काळात केवढे होता?” किंवा “किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का?” असं विचारल्यावर दोन-तीन वर्षांच्या फरकानं वय हाती लागतं.

‘पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ’ ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी कॉलेजातल्या मुलांना चालते. फडावर सगळ्याला एकच उत्तर येतं, “हो की.” मत न विचारता घडलेलं विचारा : मागच्या महिन्यात पोरगी किती दिवस शाळेत गेली?

आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे हातातला कागद. अनुदान, पीकविमा, पंचनामा यांमुळे फॉर्म घेऊन येणारा प्रत्येक जण गावाला ‘सर्वेवाला’ वाटतो. मग नुकसान फुगतं आणि उत्पन्न आटतं. यात लबाडी नाही, अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. पहिल्याच वाक्यात सांगा : मी विद्यापीठातून आलो आहे, सरकारकडून नाही, यातून काही मंजूर होणार नाही आणि तुमचं काही बंदही होणार नाही. मुकादम शेजारी उभा असेल तर उचलीचा प्रश्न त्या दिवशी सोडून द्या.

पंधरा-वीस फॉर्म आधी दुसऱ्या गावात भरून पाहा. एका फॉर्मला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रश्न कापा. एका माणसाचे दिवसाला सहा-सात फॉर्म नीट होतात. तीनशेला दीड महिना. दिवसाला वीस भरून आणणारा मदतनीस मिळाला तर त्याच्या फॉर्मवरची शाई आणि उत्तरं दोन्ही बारकाईनं बघा. मोबाईलवर कोबो टूलबॉक्स वापरलं तर रेंज नसतानाही फॉर्म भरता येतो आणि वेळेची नोंद आपोआप राहते.

मुलाखतींची वाट

दुसऱ्या प्रश्नाला नमुन्याचं सूत्र नाही. साधारण बारा ते वीस मुलाखतींनंतर तीच कारणं पुन्हा ऐकू यायला लागतात. माणसं मात्र मुद्दाम निवडायची : फक्त मुली असलेलं घर, आजी नसलेलं घर, पहिल्यांदाच जाणारी जोडी, मुलांसाठी ऊसतोड सोडलेलं कुटुंब, वसतिगृहात मूल ठेवून आठ दिवसांत परत आणलेलं कुटुंब. शेवटची दोन उदाहरणं शोधायला वेळ लागतो, पण त्यांच्याकडून जे कळतं ते बाकीच्यांकडून कळत नाही.

हातात आठ-दहा मुद्द्यांची चिठ्ठी ठेवा, छापील प्रश्न नकोत. “मुलीला का नेता?” असं थेट विचारलं की कोर्टात उभं केल्यासारखं होतं. “यंदा निघताना कोण कोण कुठं राहिलं, ते कसं ठरलं?” असं विचारलं की आपोआप कळतं की दहा वर्षांची थोरली सोबत गेली, कारण तान्ह्याला कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) सांभाळायला कुणी नव्हतं. सासूसमोर सून वेगळं बोलते, पाण्यावर जाताना वेगळं. पुरुष संशोधकाला हे दुसरं बोलणं सहसा ऐकायला मिळत नाही. सोबत एखादी विद्यार्थिनी घ्या आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं लिहा.

‘गुणात्मक म्हणजे सोपं, आकडेमोड नाही’ असं समजून इकडे येणाऱ्यांनी हे गणित बघावं. एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात. वीस मुलाखतींचे शंभर-एकशेवीस तास, म्हणजे रोज चार तास बसून महिना. उतरवताना “न्हेलं”, “ऱ्हायलं” तसंच ठेवा. प्रमाण मराठीत बदललं की बोलण्यातला कल बदलतो. “ठेवावं लागलं” आणि “ठेवलं” यांत सगळा निर्णय कुणाचा ते दडलेलं असतं. मग ओळीओळीला समासात खूण करायची (‘तान्ह्याची राखण’, ‘पोरीची काळजी’, ‘आजीचं आजारपण’) आणि खुणांचे गट करायचे. एक्सेल पुरतं. आवडलेली दोन वाक्यं उचलून प्रकरणात चिकटवणं म्हणजे विश्लेषण नव्हे. न जुळणारी मुलाखतही दाखवावी लागते.

तुलना आणि कागदपत्रं, थोडक्यात

शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द आला की तुलना बंधनकारक. वसतिगृह असलेली गावं आणि नसलेली, सुरू होण्याआधीची हजेरी आणि नंतरची, असे चारही कोपरे लागतात. नुसती वसतिगृहातली मुलं बघितली तर ती आधीपासूनच शाळेत टिकणारी होती का, हे कळत नाही. शाळेच्या हजेरीपटावरही डोळे झाकून विश्वास नको. पटावर नाव आणि मूल फडावर, हे चित्र नवं नाही. एखाद्या दिवशी न सांगता जाऊन डोकी मोजा आणि पटाशी ताडून बघा.

चौथ्या, इतिहासाच्या प्रश्नाकडे वळण्याआधी लिपीचा विचार करा. मराठवाडा सप्टेंबर 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळची बरीच महसुली कागदपत्रं उर्दूत, काही मोडीत, आणि मोठा साठा हैदराबादच्या अभिलेखागारात आहे. उर्दू किंवा मोडी वाचता येत नसेल तर सहा महिने शिकायला धरा, नाहीतर प्रश्न 1960नंतरचा घ्या.

दोन्ही वाटा एकत्र करायच्या असतील

संमिश्र पद्धत हा हल्ली सिनॉप्सिसमधला लाडका शब्द आहे. तीनशे फॉर्म आणि दहा मुलाखती दोन वेगळ्या प्रकरणांत टाकल्या की झालं, असं होत नाही. क्रम ठरवा. लोक कोणत्या शब्दांत विचार करतात हे माहीत नसेल तर आधी मुलाखती, त्यांतून अनुसूची. आकड्यात काही चमत्कारिक दिसलं, समजा, वसतिगृह असलेल्या गावांतूनच जास्त मुली फडावर जातात, तर सर्वेक्षणानंतर त्याच गावांत मुलाखती. एम.ए.च्या एका सत्रात एकच वाट पुरी होते. दोन्ही धरल्या की दोन्ही अर्ध्या राहतात.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही

संमती तोंडी घेतली तरी चालते, पण ती रेकॉर्ड करा. अंगठा मागितला की लोक बिचकतात. मुलांशी बोलायचं तर आई-बापाची आणि त्या मुलाचीही संमती हवी. प्रबंधात ‘उपसरपंचाची धाकटी सून, तीन मुली, नवरा ट्रॅक्टर चालवतो’ असं लिहिलं तर नाव बदलूनही अख्खा गाव तिला ओळखतो. पद, मुलांची संख्या, धंदा यांतलं एखाद-दुसरं गाळा किंवा मोघम ठेवा. गावाचं नावही बदला, तालुका पुरे.

सिनॉप्सिस देण्याआधीचे दोन दिवस

निवडलेल्या तालुक्यातल्या एका गावात दोन दिवस राहून या, फॉर्म न घेता. तीन गोष्टी विचारा : कोण कधी निघतं, कधी परततं, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी बायका बोलायला मोकळ्या असतात. मग परत येऊन तुमचा प्रश्न पुन्हा लिहा. तो बदललेला असेल तर शीर्षकही आत्ताच बदला. आरआरसीनं मंजूर केल्यावर एक शब्द बदलायचा तरी अर्ज, गाईडची सही आणि पुढच्या बैठकीची वाट बघणं आलं, आणि तोवर गाव ऊसतोडीला निघून गेलेलं असतं.